मुलांची शैक्षणिक मालिका चॅनेलपुढे न्यायची आहे? मग आधी विषय बाजूला ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी विज्ञानाची २६ भागांची मराठी मालिका त्यांनी लिहून काढली आहे. टीव्हीच्या क्षेत्रात ओळखीचं कुणी नाही. कुणाकडे जायचं, पायलट म्हणजे नमुन्याचा भाग पदरमोड करून करायचा का, कल्पना कुणी ढापली तर काय करायचं, आणि या सगळ्यासाठी नोकरी सोडून मुंबईत यावं लागेल का, हे त्यांचे प्रश्न.

ताई, मुलांचे कार्यक्रम लिहिण्यात आणि करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रस्ताव घेऊन जाणाऱ्यांत मी होतो आणि पुढे आलेले प्रस्ताव वाचणाऱ्यांतही. तुम्ही पाठवलेला गोषवारा वाचला. विज्ञान चोख आहे, शिक्षिकेचा हात दिसतो. पण आहे तसा तो कुठेही पाठवू नका. त्यात २६ विषय आहेत, मालिका अजून नाही. सावली, चुंबक, बाष्पीभवन, तरफ अशी यादी पाठ्यपुस्तकाच्या अनुक्रमणिकेतही असते. समोरच्याला कळायला हवं ते असं: रोज त्याच वेळी टीव्ही लावणाऱ्या मुलाला काय हवंहवंसं वाटेल? आणि मालिका २६ भागांपुढे वाढली तर तीच गंमत साठाव्या भागातही कशी टिकेल?

तुमचाच सावलीचा भाग घेऊ. गोषवाऱ्यात लिहिलंय, ‘या भागात सावली कशी तयार होते व दिवसभरात ती कशी बदलते याची माहिती मनोरंजक पद्धतीने दिली जाईल.’ ‘मनोरंजक पद्धतीने’ हे शब्द दिसले की वाचणारा पान उलटतो, कारण ती पद्धत कोणती हेच तर त्याला वाचायचं असतं. आता हाच भाग असा मांडून बघा. आजीने गच्चीवर बाजेवर कुरडया वाळत घातल्यात. सकाळी लख्ख ऊन होतं, दहा वाजता शेजारच्या वाड्याची सावली निम्म्या कुरडयांवर येऊन बसली. आजी बाज सरकवते, तासाभराने सावली पुन्हा मागे हजर. आजी म्हणते, ‘ही सावली माझ्या वाईटावर आहे.’ नात खडू घेते आणि दर तासाला सावलीच्या कडेवर रेघ मारते. तिसऱ्या रेघेनंतर ती आजीला छातीठोकपणे सांगते, बाज इथे ठेव, आता दुपारपर्यंत हलवायची नाही. मग थांबायचं. सावली सरकते आहे, बाजेच्या पायापाशी येते आहे, पोरगी नखं खाते आहे.

यात माहितीचं एकही वाक्य नाही, तरी भाग पाहून उठलेलं मूल काठी रोवून उद्या सावली कुठे असेल ते सांगू शकेल. प्रत्येक भागाखाली एवढंच एक वाक्य लिहा: हा भाग पाहिल्यावर मुलाला काय करता येईल? ‘समजेल’, ‘जाणीव होईल’, ‘गोडी निर्माण होईल’ असली क्रियापदं नकोत. करता येईल, सांगता येईल, मोजता येईल, ओळखता येईल, अशीच हवीत. निपुण भारत ही सरकारी योजना आल्यापासून अध्ययन निष्पत्ती, म्हणजे मुलाला नेमकं काय यायला हवं याच्या याद्या, तुमच्या तोंडपाठ आहेत. मुंबईतल्या लेखकांना हे जमवायला घाम फुटतो, तुमच्यासाठी ते रोजचं काम आहे.

आता साचा. कुरडयांची गोष्ट एका भागाला पुरते. मालिकेला रोज तक्रार आणून देणारी जागा लागते. एखादं सायकल दुरुस्तीचं दुकान, जिथे गावातले लोक काहीबाही घेऊन येतात. किंवा एसटी स्टँडवरची हरवल्या-सापडल्याची खिडकी. रोज एक अडचण, संध्याकाळच्या गाडीपर्यंत सोडवायची, तीच दोन-तीन मुलं, त्यातलं एक उतावळं आणि एक शंकेखोर. जागा एकच असली की खर्च आटोक्यात राहतो, दिवसाला दोन भाग चित्रित होऊ शकतात, आणि मूल चौथ्या दिवशी त्या दुकानाला आपलं मानू लागतं. पुनरावृत्तीला बिचकू नका. ‘ब्लूज क्लूज’ ही अमेरिकन मालिका १९९६ मध्ये सुरू झाली तेव्हा निकलोडियन ही वाहिनी एकच भाग सोमवार ते शुक्रवार पाचही दिवस दाखवायची. शाळेत न जाणाऱ्या वयाची मुलं पहिल्या दिवशी नुसती बघत आणि पाचव्या दिवशी पडद्यावरच्या माणसाच्या आधी उत्तर ओरडत. तुमची मुलं मोठी आहेत, त्यांना तोच भाग पाच वेळा चालणार नाही. पण तोच साचा लागतोच.

एक सूचना जाता जाता. तुमच्या संहितेत ‘बालमित्रांनो’ आणि सगळं माहीत असलेले विज्ञानकाका दोन्ही आहेत. काकांना काढा, किंवा निदान त्यांना अधूनमधून चुकू द्या. ज्याला सगळं येतं त्याच्याकडे बघत बसायला मुलांना काही कारण नसतं.

यानंतर जे सांगतोय त्यावर नवख्या माणसाचं सगळं काही अवलंबून असतं, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. ओळख नसलेल्या माणसाकडे दाखवायला एकच गोष्ट असू शकते, ती म्हणजे पुरावा. तुमचा भाग मुलं बघतात आणि त्यातून काही उचलतात, याचा पुरावा. ‘सेसमी स्ट्रीट’ या मुलांच्या अमेरिकन कार्यक्रमाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तो उभा करणाऱ्या जोन गँझ कूनी आधी माहितीपट करायच्या, लहान मुलांचा कार्यक्रम त्यांनी कधी केलेला नव्हता. १९६६ मध्ये घरच्या एका जेवणात कार्नेगी संस्थेतले लॉइड मॉरिसेट यांच्याशी बोलताना विषय निघाला, आणि कूनींनी पहिली गोष्ट केली ती अभ्यास-अहवाल लिहिण्याची. शिकवायचं काय, हे शिक्षणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि लेखक यांना एकत्र बसवून १९६८ च्या उन्हाळ्यात ठरलं. चित्रीकरण नंतर.

त्यांच्याकडचे संशोधक एड पामर यांनी एक साधी युक्ती काढली होती. मुलासमोर टीव्ही लावायचा आणि बाजूला एका पडद्यावर दर साडेसात सेकंदांनी बदलणारी रंगीत चित्रं दाखवायची. मुलाची नजर टीव्हीवरून कधी हलते, ते शेजारी बसलेल्या माणसाने टिपायचं. जुलै १९६९ मध्ये पाच चाचणी-भाग मुलांना दाखवले तेव्हा कळलं की बाहुल्या आल्या की मुलं खिळतात आणि कार्यक्रमातल्या रस्त्यावरची खरी माणसं आली की इकडेतिकडे बघतात. खरी माणसं आणि बाहुल्या एकत्र दाखवू नका, मुलं गोंधळतील, असा तज्ज्ञांचा सल्ला होता. कार्यक्रमवाल्यांनी तो बाजूला ठेवला आणि बाहुल्यांना रस्त्यावर आणलं. बिग बर्ड आणि कचऱ्याच्या डब्यातला ऑस्कर ही बाहुल्यांची पात्रं यातूनच आली. १० नोव्हेंबर १९६९ ला पहिला भाग लागला, तोवर जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध मुलांच्या कार्यक्रमाचं रूप मुलांच्या नजरांनी पालटलं होतं.

हे तुम्हाला जवळजवळ फुकटात करता येतं. कुरडयांचा भाग मोबाइलवर चित्रित करा. गच्ची तुमची, आजी गावातली, नात वर्गातली. आठ-दहा मिनिटं पुरे. आवाज मात्र स्वच्छ हवा. चित्र हललं तर मुलं चालवून घेतात, शब्द कळला नाही तर उठून जातात. कॉलर माइक भाड्याने किंवा विकत घ्या, पैसे तिथे घाला. मग दुसऱ्या शाळेत जा. स्वतःच्या वर्गात चाचणी घेऊ नका, कारण तुमची मुलं तुमच्या धाकाने टीव्हीकडे बघत बसतील आणि तुम्हाला वाटेल भाग रंगला. तिथल्या शिक्षकांना बसवा, तुम्ही खोलीबाहेर थांबा. मुलं तीन किंवा चार, अख्खा वर्ग नको. लॅपटॉपवर तुमचा भाग आणि शेजारी दुसऱ्या फोनवर, आवाज बंद करून, मुलांचं आवडतं कार्टून. मागे बसलेल्या माणसाकडे संहितेची प्रत द्या. नजर हलली की त्या ओळीसमोर फुली, एवढंच. चार-पाच शाळांतल्या प्रती शेजारी शेजारी ठेवल्या की फुल्या एकाच जागी दाटलेल्या दिसतील. बहुतेक वेळा ती जागा म्हणजे लेखकाला सगळ्यात आवडलेलं स्पष्टीकरण असतं.

भाग संपल्यावर ‘आवडलं का?’ विचारू नका, मोठ्यांना बरं वाटावं म्हणून मुलं ‘हो’ म्हणतात. त्यांना अंगणात न्या, काठी आणि खडू द्या, आणि विचारा, ‘जेवणाच्या सुट्टीत सावली कुठे येईल? खूण कर.’ आठवड्याने पुन्हा जाऊन हेच विचारा. कितीजणांना जमलं, कितीजणांना नाही, दोन्ही लिहून ठेवा. त्या फुल्यांमुळे तुम्ही संहितेत काय बदललंत तेही लिहा. असलं एक पान जोडलेला प्रस्ताव फार क्वचित येतो आणि तो सहसा पूर्ण वाचला जातो. मुलांचे चेहरे टिपणार असाल तर शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

पायलटवर कर्ज काढायचं का, याचं उत्तर वरच आलं: नाही. मोबाइलवरचा हा भाग आणि त्यातली तीन मिनिटं कापून केलेला तुकडा एवढं पुरतं. मोठा पायलट लागला तर चॅनेल किंवा निर्माता त्याचे पैसे देतो. देत नसेल तर त्याला तुमची मालिका हवी आहे असं समजू नका.

कागदावर काय असावं? एक पान कल्पनेचं. त्यात मुलांचं वय, भागाची लांबी, जागा, पात्रं आणि रोज काय घडतं. मग पाच भागांच्या प्रत्येकी एक परिच्छेदाच्या गोष्टी, एक पूर्ण संहिता, चाचणीचं पान, आणि तुम्ही कोण आहात याच्या चार ओळी. २६ संहिता बरोबर नेऊ नका. सगळं पक्कं झालेलं दिसलं की समोरच्याला वाटतं, हे लोक बदल करणार नाहीत.

आता दारं कोणती ते सांगतो, आणि इथे मला थोडं कडू बोलावं लागेल. मराठीतल्या मोठ्या मनोरंजन वाहिन्यांवर मुलं दिसतात ती गाण्या-नाचाच्या स्पर्धांत. शैक्षणिक मालिकेला तिथे वेळच नेमून दिलेली नसते, त्यामुळे तुमचा प्रस्ताव कितीही चांगला असला तरी ठेवायचा कुठे हा प्रश्न उरतो. मुलांच्या वाहिन्यांचा भर ॲनिमेशनवर असतो आणि एकच मालिका अनेक भाषांत चालावी अशी त्यांची गरज असते. तिकडे जायचं असेल तर चित्रीकरणातच भाषांतराची सोय करा. फळ्यावरचं मराठी लिखाण, शब्दखेळावर बेतलेला विनोद, तोंडाजवळ कॅमेरा नेऊन केलेलं लांबलचक बोलणं, हे सगळं डबिंगला नडतं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याच्या छोट्या फिल्म्स केल्या, त्या मुद्दाम बघा. पडद्यावर हात आणि वस्तू, निवेदन वरून. म्हणूनच त्या कितीतरी भाषांत जाऊ शकल्या.

तुमच्यासाठी जवळचं दार सरकारी आणि संस्थांचं. पुण्यात १९८४ पासून शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी ही सरकारी संस्था होती, आपल्या पिढीने शाळेत तिचे कार्यक्रम पाहिले. ती २०१७ मध्ये बंद झाली. पण २०२० मध्ये शाळांना कुलुपं लागली तेव्हा एमकेसीएलच्या ज्ञान-प्रतिष्ठानची ‘टिलीमिली’ सह्याद्री वाहिनीवर आली, पहिली ते आठवीसाठी ४८० भाग, प्रत्येक इयत्तेला ६०. मुलांनी घरात आणि घराभोवती करून बघायचे उपक्रम, फळा-खडूचं व्याख्यान नाही. मराठीत हे होऊ शकतं याचा याहून मोठा दाखला नको. पीएम ई-विद्या या केंद्र सरकारच्या उपक्रमातल्या शैक्षणिक वाहिन्या १२ वरून २०० करण्याची घोषणा २०२२ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. इतक्या वाहिन्यांना रोज खाद्य लागतं. राज्यात याचं काम एससीईआरटी म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, आणि तिथे पोचायचा तुमचा रस्ता म्हणजे तुमच्या जिल्ह्याचं डाएट, ही शिक्षकांना प्रशिक्षण देणारी जिल्हा संस्था. मुंबईतल्या निर्मात्याला जे दार ठोठवावं लागतं ते तुम्हाला प्रशिक्षणाच्या निमित्ताने उघडंच असतं. इथे मानधन बेताचं असतं आणि निर्मितीचं काम निविदेने जातं, हेही धरून चाला.

दूरदर्शन वेळोवेळी जाहीर सूचना काढून प्रस्ताव मागवतं. ती सूचना अक्षर न् अक्षर वाचा, कारण अर्ज बहुतेक कंपनीकडून लागतो, व्यक्तीकडून नाही. खासगी वाहिन्याही एकट्यादुकट्या लेखकाशी सहसा करार करत नाहीत. जीएसटी क्रमांक, पूर्वी वेळेवर भाग दिल्याचा इतिहास, मागे आर्थिक ताकद, हे सगळं त्यांना हवं असतं. म्हणून तुमची पहिली भेट चॅनेलशी व्हायची गरज नाही. ती एखाद्या लहान, माहितीपट किंवा शैक्षणिक फिल्म करणाऱ्या निर्मितीसंस्थेशी व्हावी. पुणे, कोल्हापूर, नाशिक, कुठलीही चालेल. त्यांनी केलेलं एखादं काम बघून, त्याविषयी दोन खऱ्या ओळी लिहून मेल करा.

पैशांचा आणखी एक मार्ग सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण त्या यादीत आहे. पण कंपनी हे पैसे तुमच्या खात्यावर टाकू शकत नाही. सीएसआर-१ नोंदणी असलेला ट्रस्ट किंवा संस्था मध्ये लागते. आणि मालिकेत कंपनीच्या बिस्किटाची जाहिरात करून तो खर्च सीएसआरमध्ये दाखवता येत नाही. मालाच्या प्रसिद्धीसाठीचं प्रायोजकत्व नियमांनीच वगळलंय. हे पहिल्या भेटीत तुम्हीच सांगितलंत तर समोरचा सावरून बसतो.

यूट्यूबविषयी तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. जरूर टाका, पण पोट भरण्यासाठी नव्हे. जानेवारी २०२० पासून मुलांसाठीचे म्हणून नोंदवलेल्या व्हिडिओंवर वैयक्तिक जाहिराती आणि प्रतिक्रिया दोन्ही बंद आहेत, त्यामुळे उत्पन्न तोकडं. प्रस्तावासोबत जोडायची लिंक म्हणून मात्र ते उत्तम.

चोरीच्या भीतीबद्दल. निव्वळ कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स खटल्यात स्पष्ट केलंय. ‘सायकलच्या दुकानातून विज्ञान’ ही ओळ कुणीही वापरू शकतो. तुमची पात्रं, प्रसंग, लिहिलेली संहिता मात्र तुमची. याच्या जोडीला दुसरा आधार आहे गोपनीयतेचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स प्रकरणात विश्वासाने सांगितलेली, पुरेशी विकसित केलेली संकल्पना वापरायला मनाई कायम केली होती. त्या संडायलवाल्यांकडे लेखी टिपणं होती, लेखक संघटनेकडची नोंदणी होती. तेव्हा तुम्हीही स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन संहिता ऑनलाइन नोंदवा. त्याने हक्क मिळत नाही, तारखेचा पुरावा मिळतो. भेट झाली की त्याच संध्याकाळी मेल टाका: आज भेटलो, अमुक नावाची संकल्पना सांगितली, सोबत एवढी पानं दिली. चॅनेल तुमच्याकडून एक फॉर्म सही करून घेईल, ‘अशाच कल्पनेवर आमचंही काम चालू असू शकतं’ असं त्यात असेल. वाचा आणि सही करा. ती न करता कुणी ऐकूनच घेत नाही.

खरी लूट चोरीत होत नाही, करारात होते. ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमचे’ हे वाक्य जवळपास प्रत्येक मसुद्यात असतं. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ इथे कामाचं आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षांसाठी दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि हक्क घेणाऱ्याने वर्षभरात ते वापरले नाहीत तर ते परत तुमच्याकडे येतात, जर करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे मसुद्यात ‘वेगळं’ काय लिहिलंय तेच शोधायचं. पहिल्या मालिकेच्या मानधनावर फार ताणू नका, पण ‘संकल्पना’ म्हणून श्रेय, पात्रांवरच्या पुस्तकांचे हक्क आणि दोन वर्षांत मालिका न झाल्यास सगळं परत, या तीन गोष्टींवर अडून बसा. सही करण्याआधी वकिलाला दाखवा, गावातल्या जमिनीच्या कज्ज्यांच्या वकिलाला नको, या क्षेत्रातल्याला.

मुलं कॅमेऱ्यासमोर असणार म्हणून बालकामगार कायद्याचे २०१७ चे सुधारित नियम लागू होतात. चित्रीकरणाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांहून जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या पुढे नाही, आणि मुलाच्या मिळकतीचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. प्रस्तावात याची एक ओळ टाका, आणि चित्रीकरणाचा आराखडा पाच तासांच्या हिशेबानेच करा. दिवसाला दोन भाग असं मी वर म्हटलं, ते हे गणित धरून.

भेटीत वीस मिनिटं मिळाली तर पहिल्या मिनिटाला कुरडयांची गोष्ट सांगा, मग तीन मिनिटांचा तुकडा दाखवा आणि गप्प बसा. ‘हल्लीची मुलं मोबाइलमध्ये’ यावर भाषण नको, ते समोरच्यानेच गेल्या आठवड्यात कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. प्रश्न येतील ते ठरलेले: साठावा भाग काय, मुख्य मुलगी वर्षभरात उंच झाली तर काय, पावसाळ्यात गच्चीचं काय. शेवटच्या प्रश्नाला तुमच्याकडे खरं उत्तर हवं, साताऱ्याचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. नकार आला तर बहुतेक वेळा तो येतच नाही, नुसती शांतता असते. महिन्याने एकदा विचारा, मग पुढच्या दारी जा.

आणि नोकरी. सोडू नका, मुंबईलाही येऊ नका. तुमची शाळा हीच तुमची प्रयोगशाळा आहे. ती सोडलीत तर आमच्यासारखे आणखी एक लेखक होऊन अंधेरीत भाडं भरत बसाल. फक्त एक करा. तुम्हाला महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत, तेव्हा मोबदल्याच्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगीचा अर्ज द्या आणि त्याची पोच घेऊन ठेवा. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून चाचणी सुरू करतानाच अर्ज टाकून द्या.